निर्मनुष्य देखाव्याची साक्ष

शाळेतील मुलांपुढे कोरे कागद ठेवून देखावा काढावयास सांगितले, म्हणजे बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटते. दोन डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा सूर्य, तेथून निघून कागदाच्या कडेपर्यंत रुंदावत आलेली नदी, काठी एक झोपडी आणि तिच्यावर कललेला माड. झोपडी असते, पण तीत राहणारे कोणी नसते. होडी असते, पण नावाडी नसतो. माणूस काढणे कठीण म्हणून मूल त्याला गाळते, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु प्रौढ रसिकही आपल्या दिवाणखान्यासाठी देखावा निवडताना पुष्कळदा असेच निर्मनुष्य चित्र निवडतो. माणसांच्या गजबजाटातून सुटका म्हणजे निसर्गचित्र, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत निष्पाप आहे, हे आम्हांस येथे तपासावयाचे आहे. ज्या भूमीकडे पाहून आम्हांस आनंद होतो, त्या भूमीवर राहणाऱ्या माणसाचे आम्ही काही देणे लागतो काय, हा प्रश्न दिसावयास कलेचा असला तरी वस्तुतः नीतीचा आहे.

आमच्या व्यवसायात भूमी रोजच हाताळावी लागते. पण ती चतुःसीमा, क्षेत्रफळ, ताबा आणि वहिवाट या चार शब्दांपुरती. जमिनीच्या कोणत्याही दप्तरात सौंदर्याचा रकाना नसतो. इंग्लंडातील ऑल्ड्रेडच्या १६१० मधील सुप्रसिद्ध खटल्यात तर असे नमूद झाले आहे की, घरातून दिसणारा देखावा ही केवळ सुखाची बाब आहे, गरजेची नव्हे. सबब तो कोणी अडविला तर कायद्याकडे दाद मागता येणार नाही. वरवर पाहता हा रूक्षपणा वाटेल. तथापि त्यात एक मोठी उदारता दडलेली आहे. ज्यावर हक्क सांगता येत नाही, ते कोणा एकाचे होऊ शकत नाही. शेत सावकाराचे असेल, डोंगर सरकारचा असेल. पण डोंगरामागे मावळणारा सूर्य भूमिहीनालाही तेवढाच पाहता येतो. या अर्थाने देखावा हे मालकी नसलेल्यांचे धन होय, आणि भूमीकडे तिची किंमत न करता पाहावयास शिकविणारी कला म्हणून निसर्गचित्राचे महत्त्व फार मोठे आहे.

युरोपात ही दृष्टी सहजासहजी आलेली नाही. आज आपण सर्रास वापरतो तो 'लँडस्केप' हा इंग्रजी शब्द डच भाषेतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ मुलूख, भूभाग इतकाच होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो चित्रकारांच्या बोलीतून इंग्रजीत उतरला, तेव्हा त्याचा अर्थ भूमीचे चित्र असा झाला. प्रत्यक्ष भूमीच्या देखाव्याला तो त्यानंतर लागला. म्हणजे माणसे आधी चित्र पाहावयास शिकली आणि मग चित्रासारखी भूमी पाहू लागली. तोपर्यंत डोंगर आणि वृक्ष हे संतांच्या आणि राजांच्या पाठीमागे उभे राहणारे सेवक होते.

त्याही पूर्वी इटालियन कवी पेट्रार्क याने दक्षिण फ्रान्समधील व्हान्तू नावाच्या पर्वतावर केलेले आरोहण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. त्या वृत्तांताच्या पत्रावर २६ एप्रिल १३३६ ही तारीख आहे; पत्र पुष्कळ मागाहून लिहिले गेले असावे असे अभ्यासकांचे मत आहे, पण त्यातील शंकेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. केवळ उंचावरून काय दिसते ते पाहावे, एवढ्याच इच्छेने तो आपल्या भावासह चढला. शिखरावर आल्प्स पर्वत, समुद्र आणि ऱ्होन नदी पाहून तो हरखला. मग जवळचा सेंट ऑगस्टीनचा ग्रंथ त्याने सहज उघडला, तो नेमके असे स्थळ निघाले की ज्यात पर्वत आणि सागर पाहून आश्चर्य करणाऱ्या, पण स्वतःच्या आत्म्याकडे न पाहणाऱ्या मनुष्याची कानउघाडणी केली आहे. पेट्रार्क लज्जित झाला आणि मुकाट्याने खाली उतरला.

ही लज्जा आमच्या वाचकांस परकी वाटू नये. दृश्य पदार्थांत रमणारे मन अंतर्मुख कसे व्हावे, हा आपल्याकडील साधकाचाही जुना प्रश्न आहे. परंतु त्या पत्रात आणखी एक व्यक्ती आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पायथ्याच्या दरीत या भावांना एक वृद्ध मेंढपाळ भेटला. आपण पन्नास वर्षांपूर्वी हा डोंगर चढलो होतो, पश्चात्ताप आणि फाटकी वस्त्रे याखेरीज हाती काही लागले नाही, असे सांगून त्याने त्यांना परावृत्त करण्याचा यत्न केला. ते ऐकेनात, तेव्हा त्याने वाट दाखविली. त्यांनी आपले जास्तीचे कपडे त्याच्यापाशी ठेवले आणि ते पुढे गेले. शिखरावर पेट्रार्कला आपल्या आत्म्याची आठवण झाली, ईश्वराची झाली. त्या डोंगरात आयुष्य काढलेल्या मेंढपाळाची झाली नाही. आमच्या मते खरा नैतिक प्रश्न पेट्रार्कने स्वतःला विचारला त्याहून निराळा आहे. बाहेर का पाहिले, यात पाप नाही. बाहेर पाहताना कोण दिसले नाही, हे विचारावयास हवे.

या प्रश्नाची धार कळावयास हवी असेल, तर जर्मनीतील डान्यूबकाठच्या रेगेन्सबुर्ग नगरात गेले पाहिजे. तेथील आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर या चित्रकाराचे एक छोटेसे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १५१८ ते १५२० च्या सुमारास चर्मपत्रावर तैलरंगांनी रंगविलेल्या या चित्रात एक लाकडी साकव आहे, जुन्या बांधकामाचा एक भाग आहे, झाडे आहेत, मागे दूरवर पसरलेली दरी आहे. माणूस नाही, पशू नाही, कोणत्याही पुराणकथेचा मागमूस नाही. युरोपात केवळ भूमीलाच विषय मानून रंगविलेले जे अगदी पहिले देखावे आज उपलब्ध आहेत, त्यांत या चित्राची गणना होते. कथेच्या दास्यातून निसर्गाला ज्यांनी मुक्त केले, त्यांतील एक अग्रणी म्हणून कलेचा इतिहास आल्टडॉर्फरला मान देतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु हा गृहस्थ नुसता चित्रकार नव्हता. तो नगराच्या बाह्य परिषदेचा सभासद होता. रेगेन्सबुर्गमध्ये पाच शतकांहून अधिक काळ यहुदी लोकांची वस्ती होती. ते सम्राटाच्या संरक्षणाखाली असत. १२ जानेवारी १५१९ रोजी सम्राट माक्सिमिलियान मरण पावला आणि नवा सम्राट निवडला जाण्यापूर्वीचा पोकळ काळ साधून, फेब्रुवारीत नगरपरिषदेने या सर्व लोकांना हाकलून देण्याचा ठराव केला. प्रार्थनामंदिर दोन तासांत आणि नगर पाच दिवसांत रिकामे करावे, असा हुकूम निघाला. तो हुकूम यहुद्यांना कळविण्यास जे प्रतिनिधी गेले, त्यांत आल्टडॉर्फर होता. मंदिर पाडले गेले. दफनभूमीतील शिला उखडून लोकांनी आपल्या घरांच्या भिंतींत बसविल्या. पाडलेल्या जागी मेरीमातेचे लाकडी प्रार्थनागृह उभे राहिले आणि तेथे यात्रेकरूंची रीघ लागली.

मंदिर पडण्यापूर्वी आल्टडॉर्फरने धातूच्या पत्र्यावर कोरून त्याची दोन चित्रे काढली. एक ओसरीचे आहे. तीत माणसे दिसतात, एकाच्या हाती ग्रंथ आहे. दुसरे आतील सभामंडपाचे आहे. त्यात खांब आहेत, कमानी आहेत, गवाक्षांतून येणारा प्रकाश आहे आणि माणूस एकही नाही. त्यावर लॅटिनमध्ये लेख आहे. त्याचा आशय असा की, रेगेन्सबुर्ग येथील हे यहुदी मंदिर ईश्वराच्या न्याय्य निर्णयानुसार १५१९ साली समूळ पाडण्यात आले. हुकूम नगरपरिषदेचा, सही ईश्वराची! ज्या हाताने साकवाचे निर्मनुष्य चित्र रंगविले, त्याच हाताने, त्याच सुमारास, हे दुसरे निर्मनुष्य चित्र कोरले.

येथे आम्ही एक मर्यादा कटाक्षाने पाळू इच्छितो. साकवाच्या चित्रातील शून्यता आणि नगरातून हाकलली गेलेली माणसे यांचा कार्यकारणसंबंध दाखविणारा कोणताही पुरावा नाही. केवळ दोन गोष्टी शेजारी ठेवून आरोप सिद्ध होत नसतो. कोणी असेही म्हणेल, आणि ते रास्त आहे, की कर्त्याचे पाप कृतीला चिकटत नाही; शिल्पकार दुराचारी निघाला म्हणून मूर्ती अपूज्य ठरत नाही. आम्हांस हे मान्य आहे. साकवाचे चित्र सुंदर आहे आणि सुंदरच राहील. पण आमचा प्रश्न आल्टडॉर्फरच्या चारित्र्याचा नाही, आमच्या डोळ्यांचा आहे. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तर नुसत्या पाहण्याने आम्हांस कळेल काय की एका ठिकाणी माणूस नव्हता आणि दुसऱ्या ठिकाणाहून तो घालविलेला होता? कळणार नाही. रिकामी जागा स्वतःविषयी काहीच सांगत नाही. ती साक्षीदारासारखी असते: विचारले तरच बोलते, आणि विचारणारा नसेल तर तिचे मौन हीच संमती धरली जाते.

पुढे दोन शतकांनी इंग्लंडात हीच गोष्ट अधिक सभ्य वेषात दिसते. टॉमस गेन्सबरो याने १७५० च्या सुमारास रंगविलेले अँड्र्यूज पतिपत्नींचे चित्र जगप्रसिद्ध आहे. डावीकडे ओकवृक्षाखाली नवविवाहित जमीनदार बंदूक बगलेत धरून उभा आहे, पत्नी बाकावर बसली आहे, आणि उजवीकडे त्यांची एसेक्स परगण्यातील शेतवाडी दूरवर पसरली आहे. गहू कापून त्याच्या पेंढ्या ओळीने रचल्या आहेत. कापणी झाली आहे. कापणारा मात्र कोठेच नाही. तो दुपारच्या भाकरीला गेला असेल, असे म्हणून हसता येईल. परंतु ज्या काळात हे चित्र झाले, त्याच काळात इंग्लंडातील सामायिक गायराने आणि मोकळी शेते कायदे करून कुंपणांत घातली जात होती. १६०४ ते १९१४ या अवधीत पार्लमेंटने अशा प्रकारचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लक्ष एकर भूमी, म्हणजे इंग्लंडच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक, आली. पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट कागदावरून पुसली गेली. चित्रकाराने माणूस गाळला तो रचनेच्या सोयीसाठी. कायद्याने गाळला तो मालकीच्या सोयीसाठी. कुंचला आणि लेखणी यांच्यात कट नव्हता. दोहोंना एकच सवय जडली होती, एवढेच.

ही सवय पूर्णत्वास गेली ती ऑस्ट्रेलियात. १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत तेथे झाली, तेव्हा त्या खंडात हजारो वर्षे माणसे राहत होती. तरी इंग्रजी कायद्याने असे धरून चालविले की, या भूमीला पूर्वीचा कोणी मालक नाही. निर्मनुष्य नसलेली भूमी कायद्याच्या कल्पनेने निर्मनुष्य झाली. म्हणजे येथे चित्र आधी काढले गेले आणि भूमीने त्या चित्रासारखे व्हावे अशी अपेक्षा केली गेली.

त्या खंडाच्या मध्यभागी हर्मन्सबर्ग येथील मिशनच्या वस्तीत अरेर्न्टा जमातीचा आल्बर्ट नामाट्जिरा १९०२ मध्ये जन्मला. १९३६ मध्ये रेक्स बॅटरबी या गोऱ्या चित्रकाराकडून तो जलरंगांचे तंत्र शिकला. १९३८ मध्ये मेलबर्न येथे त्याचे स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि चित्रे हातोहात खपली. जांभळट डोंगर, तांबडी माती, पांढऱ्या बुंध्यांचे वृक्ष ही त्याची चित्रे ऑस्ट्रेलियात घरोघरी लागली. परंतु त्याने गुरे चारण्यासाठी भाडेपट्ट्याने जमीन मागितली, तेव्हा ती नाकारली गेली. ॲलिस स्प्रिंग्ज गावात घर बांधू म्हटले, तर मूलनिवासी म्हणून त्यासही परवानगी मिळाली नाही. ज्या भूमीची चित्रे तो विकू शकत होता, त्या भूमीचा तुकडा त्याला घेता येत नव्हता. १९५७ मध्ये त्याला नागरिकत्वाचे पूर्ण हक्क दिले गेले. ते त्याच्या बांधवांना नव्हते. आपल्या आप्ताला मद्य दिल्याच्या आरोपावरून १९५८ मध्ये त्याला कारावासाची शिक्षा झाली, आणि १९५९ मध्ये तो वारला. त्याच्या चित्रांचा स्वामित्वहक्कही १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने वारसांस डावलून विकून टाकला. तो त्यांच्या न्यासाकडे परत यावयास २०१७ साल उजाडावे लागले.

आता गंमत अशी की, नामाट्जिराच्या चित्रांतही माणूस बहुधा नसतो. मग आमचे म्हणणे ढासळते काय? उलट ते येथेच नीट होते. अरेर्न्टा लोकांच्या श्रद्धेनुसार प्रत्येक डोंगर आणि प्रत्येक पाणवठा पूर्वजांच्या संचाराने घडलेला आहे. त्याच्याशी विशिष्ट कुळांचे नाते आणि कर्तव्य बांधलेले आहे. नामाट्जिरा ज्या सुळक्यांची चित्रे काढी, ते त्याला आप्तासारखे ठाऊक होते. त्याच्या काळातील पुष्कळ टीकाकारांना त्यात केवळ पाश्चात्त्य पद्धतीचे अनुकरण दिसले, कारण त्यांच्या डोळ्यांना ती भूमी रिकामी होती. म्हणून आमची कसोटी चित्रात किती माणसे आहेत हे मोजण्याची नाही. पाहणाऱ्याला ही भूमी कोणाची हे विचारावेसे वाटते की नाही, ही आहे.

कायद्यानेही शेवटी हाच प्रश्न विचारला. मरे बेटावरील एडी माबो हा एका विद्यापीठात माळीकाम करीत असता त्याला कळले की, बापजाद्यांपासून आपण जी भूमी आपली मानतो, ती कायद्याने सरकारची आहे. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दावा लावला. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, वसाहतीपूर्वीच्या लोकांचे भूमीवरील हक्क कायदा ओळखू शकतो. रिकाम्या भूमीची कल्पना त्यांच्या आड येणार नाही. माबो तो ऐकावयास जिवंत नव्हता. काही महिने आधीच तो गेला होता. दोनशे चार वर्षे टिकलेले एक चित्र एका निकालाने पुसले गेले.

हे सर्व दूरदेशीचे, असे म्हणून वाचकांनी निःश्वास टाकू नये. प्रार्थनामंदिर दोन तासांत रिकामे करावयाचे, म्हणजे काय, हे सांगावे लागू नये असा आमचा समाज आहे. गोमंतकात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तेव्हा श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर होता म्हणून देवांना तेथे आसरा मिळाला. आज कोणी परका प्रवासी झुआरीच्या काठाने जाईल, तर त्याला माड, पाणी आणि आकाश यांचा रमणीय देखावा दिसेल. तेथून कोण उठून गेले, हे त्या पाण्यात लिहिलेले नाही. ते ठाऊक असलेल्याला तोच देखावा निराळा दिसतो. कमी सुंदर नव्हे, अधिक खोल.

पण ही दृष्टी आपल्या दुःखापुरती राखून ठेवली, तर ती दृष्टी नव्हे, नुसता अभिनिवेश होय. ज्या भाटाचा नारळ देवापुढे फुटतो, त्या भाटात झोपडी बांधून, माडांची राखण करीत, ज्याच्या पिढ्या गेल्या तो मुंडकार आमच्या देखाव्यात कोठे उभा असतो? त्याला त्याच्या राहत्या घरातून हुसकावून लावता येऊ नये म्हणून १९७५ मध्ये गोव्यात स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून तो भाटकारांना, आणि कित्येक ठिकाणी देवस्थानांनाही, किती काळ दिसला नव्हता हे कळते. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली आमची मंडळी मूळ गावचे चित्र मनात बाळगतात: देऊळ, तळी, दीपमाळ, मागचा डोंगर. त्या चित्रातून तळी उपसणारा, दीपमाळेला तेल आणणारा आणि डोंगरावर गुरे नेणारा बहुधा गळालेला असतो. स्मृतीही शाळकरी मुलासारखीच. माणूस काढणे तिलाही कठीण जाते.

मग देखाव्याचा आनंद घेऊच नये काय? असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. सुंग राजवटीतील चिनी चित्रकार कुओ शी, ज्याचे 'आरंभीचा वसंत' हे १०७२ मधील चित्र आज तैपेई येथे आहे, त्याचे विचार त्याच्या मुलाने ग्रंथरूपाने जतन केले. त्याने निसर्गचित्रांचे चार प्रकार सांगितले: ज्यांतून प्रवास करावा अशी, जी न्याहाळावी अशी, ज्यांत विहार करावा अशी आणि ज्यांत वसती करावी अशी. पहिल्या दोहोंपेक्षा शेवटची दोन त्याला श्रेष्ठ वाटली. त्याच्या उत्तुंग पर्वतांत कोळी, वाटसरू, मठाची छपरे ही इतकी लहान असतात की शोधावी लागतात. पण ती असतात. पर्वत मोठा आणि माणूस लहान, यात माणसाचा अपमान नाही. माणूस मुळीच नाही, यात आहे. वसती करण्याच्या दृष्टीने जो भूमीकडे पाहील, त्याला लगेच शेजाऱ्याची आठवण होईल, पाणी कोणाच्या विहिरीचे हे विचारावे लागेल. न्याहाळणाऱ्याला तशी गरज नसते.

भूमीकडे मालकीची हाव न ठेवता पाहणे हे निसर्गचित्राने माणसाला दिलेले मोठे शिक्षण आहे, असे आम्ही आरंभी म्हटले, आणि त्यावर आम्ही अद्याप ठाम आहोत. मात्र ते अर्धेच शिक्षण आहे. स्वतःची मालकी सोडणे एक, आणि दुसऱ्याचे अस्तित्व मानणे दुसरे. पहिले साधले म्हणून दुसरे आपोआप साधत नाही. आल्टडॉर्फरला पहिले साधले होते. तेव्हा भिंतीवरचे निर्मनुष्य चित्र काढून टाकण्याचे कारण नाही. ते खुशाल असू द्यावे, त्यातील संध्याप्रकाशाने खुशाल सुखवावे. मात्र कधीतरी त्याच्यापुढे क्षणभर थांबून, उलटतपासणीत विचारावा तसा, एवढाच प्रश्न विचारावा की, येथे कोणी राहत होते काय? उत्तर नकारार्थी येईल तर आनंद निर्मळ होईल. होकारार्थी आले, तर त्या माणसाचे काय झाले हे शोधून काढणे आपल्यावर पडेल, आणि ते काम चित्राबाहेरचे आहे.